सॅडल न घालता रेसचा घोडा परत कामाला लावला – माझा अनुभव

पुण्याजवळच्या ज्या तबेल्यात मी रायडिंग करते तिथे मागच्या जूनमध्ये रेसमधून काढलेला एक घोडा आला. कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, सहा वर्षांचा गेल्डिंग (खच्ची केलेला घोडा), आम्ही त्याला बंड्या म्हणतो. आला तेव्हा फासळ्या लांबूनच मोजता येत होत्या, कणा वर आलेला, मागचे पुठ्ठे पार बसलेले. टेप लावली तर छातीचा घेर १६८ सेंटीमीटर आणि लांबी १६०. घेराचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं की अंदाजे किलो मिळतात, ते आले ३८०. त्याच्या उंचीच्या थरोब्रेडला, म्हणजे रेससाठी वापरतात त्या जातीच्या घोड्याला, हे खूपच कमी आहे हो, मला त्या रात्री झोप नाही लागली.

आधी डॉक्टर. दातांच्या कडा धारदार झाल्या होत्या त्या घासून घेतल्या, शेण तपासून जंताचं औषध दिलं, आणि रक्त तपासलं कारण सर्रा (रक्तातल्या परजीवीमुळे होणारा आजार) नाही ना हे बघणं फार गरजेचं, गोमाश्यांमुळे पसरतो तो आणि त्यातही घोडा असाच वाळत जातो. सर्रा निघाला नाही. रेसच्या घोड्यांना दाणा भरपूर आणि चारा कमी, त्यामुळे पोटात अल्सर अगदी कॉमन, म्हणून डॉक्टरांनी ओमेप्राझोल चालू केलं आणि आम्ही दिवसभर समोर सुकं गवत ठेवलं, सोबत थोडा थोडा लसूणघास. ओट्स दुसऱ्या आठवड्यापासून, तेही पाव किलोपासून हळूहळू वाढवत.

पाच आठवड्यांत फासळ्या झाकल्या गेल्या आणि तिथेच माझी चूक झाली. वाटलं आता झाला तयार, सॅडल घातली, पंधरा मिनिटं नुसतं चालवलं. दुसऱ्या दिवशी खरारा करायला गेले तर मानेच्या मुळाशी उंचवट्याच्या दोन्ही बाजूला सूज, हात लावला तर कान मागे करून चावायलाच आला, जो घोडा तोपर्यंत माझ्या खिशात तोंड घालायचा. घोड्यांची देखभाल करणाऱ्या सईसमामांनी बघितलं आणि म्हणाले, "ताई, अंगावर चरबी आलीय, मांस अजून नाही आलं." तेच होतं. खांद्यामागे दोन्हीकडे खड्डे होते, त्यामुळे सॅडल खाली बसून थेट हाडावर टेकत होती. आणि महाग सॅडल आणून उपयोग नव्हता कारण अंग भरत जातं तसं माप दर काही आठवड्यांनी बदलतं.

मग बरेच जण म्हणाले की उघड्या पाठीवर बस, तेवढंच हलकं काम. मला हे पटत नाही आणि इथे स्पष्ट लिहिते. सॅडल वजन कण्याच्या दोन्ही बाजूंना पसरवते, उघड्या पाठीवर आपल्या बैठकीची दोन हाडं एकाच जागी रुततात. माझं वजन ४९ किलो आहे तरी मी दहा आठवडे बसले नाही, सगळं जमिनीवरून केलं.

रोज सकाळी मोरकी घालून चालवणं, वीस मिनिटांपासून सुरू करून पुढे पाऊण तास. तबेल्यामागे चढ आहे तिथे वर-खाली, चिखल असला की डांबरी रस्त्यावर. मग बांबू जमिनीवर टाकून त्यावरून पाय उचलायला लावायचं. गाजर हातात धरून आधी फासळीकडे, मग पुढच्या दोन पायांमध्ये, प्रत्येक बाजूला तीनदा, की मान वळते आणि पाठ वर येते. पोटाखाली बोटांनी हलकं दाबलं की पाठ कशी उचलली जाते हे एकदा बघाच, कण्याशेजारचं मांस हातालाच जाणवायला लागतं. लंजिंग, म्हणजे लांब दोरी धरून गोल फिरवणं, फक्त मोठ्या गोलात आणि थोडंच, सांध्यांवर ताण नको म्हणून.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बसायचं ठरलं. जाड नमदा (लोकरीची गादी) टाकला, पट्ट्याने बांधला. अडचण वेगळीच आली, ज्या ओट्यावर चढून आपण घोड्यावर बसतो त्याच्याशेजारी उभं राहणंच त्याला माहीत नाही! जॉकीला पाय धरून वर चढवतात आणि घोडा तेव्हा चालतच असतो, त्यामुळे मी ओट्यावर चढले की हा निघाला. चार दिवस नुसतं ओट्याजवळ उभं राहायचं, गाजर, परत. पाचव्या दिवशी आधी पोटावर आडवी झाले, मग पाय टाकला. मामांनी मोरकी धरलेली. पाच मिनिटं चाललो आणि उतरले.

लगाम घट्ट धरला की रेसचा घोडा त्यावर टेकून वेग घेतो, तसं शिकवलेलंच असतं, म्हणून लगाम सैल आणि थांबवायला फक्त श्वास सोडून बसायचं. तीन-चार दिवसांत कळलं त्याला. आठवड्यातून तीनदाच बसते, दहा मिनिटांच्या वर नाही, आणि प्रत्येक वेळी उतरल्यावर पाठीवरून अंगठा दाबत नेते, कुठे आकसला तर दुसऱ्या दिवशी सुट्टी.

ऑक्टोबरच्या शेवटी परत टेप लावली, घेर १८०, म्हणजे साधारण ४३६ किलो. त्याच रविवारी चढ संपल्यावर त्याने स्वतःहून चार-पाच पावलं दुडकी घेतली, मान खाली सोडून, नाकातून फुरफुर करत. मी हात त्याच्या मानेवर ठेवला आणि मामांनी धरलेली मोरकी पहिल्यांदा सोडली.