जलज, जलद, जलधी : नवोदयच्या मराठीची तयारी

बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात माझं सेवा केंद्र आहे. नवोदय विद्यालय म्हणजे सहावीपासूनची केंद्र सरकारची निवासी शाळा. तिच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म निघाले की पाचवीच्या पोरांचे आईबाप येतात. मुलाचा फोटो, सही, मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र हे सगळं अपलोड होईपर्यंत मी हमखास विचारतो, "मराठीचं काय चाललंय?" उत्तरही ठरलेलं असतं. "मराठीचं काय, येतंच की! गणिताचा आणि बुद्धिमत्तेचा क्लास लावलाय."

मला हे पटत नाही. या परीक्षेत 80 प्रश्न, 100 गुण, वेळ दोन तास. बुद्धिमत्तेचे 40 प्रश्न, अंकगणिताचे 20 आणि भाषेचेही 20. म्हणजे गणिताला 25 गुण आणि मराठीलाही 25. प्रत्येक प्रश्न सव्वा गुणाचा. सोलापूर जिल्ह्याचं नवोदय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. तिथे सहावीत जास्तीत जास्त 80 पोरं घेतात आणि परीक्षेला आयुष्यात एकदाच बसता येतं. अशा ठिकाणी एका शब्दाचा अर्थ चुकला म्हणून सव्वा गुण गेला तर ते फार वाईट.

माझी भाची आमच्याकडेच राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत आहे. संध्याकाळी केंद्रातली गर्दी सरली की ती समोरच्या बाकावर बसते आणि खराब झालेल्या प्रिंटच्या कोऱ्या बाजूवर लिहिते. सुरुवातीला तिच्या हातात बाजारातलं गाईड होतं. त्यात समानार्थी शब्दांची पानंच्या पानं. "पाणी – जल, नीर, उदक, तोय, सलिल, अंबू" असं ती पाढ्याच्या चालीवर म्हणायची, एकही चूक नाही. पण उताऱ्यात ‘उदक’ आलं की थांबायची. पाढा पहिल्यापासून म्हटल्याशिवाय तिला मधला शब्द सापडत नव्हता.

नवोदयच्या भाषेच्या भागात सुट्या शब्दांची यादी येतच नाही. चार उतारे येतात, प्रत्येकावर पाच प्रश्न. त्यातल्या एखाद्या प्रश्नात उताऱ्यातला शब्द उचलून विचारतात, याच्या सर्वांत जवळचा अर्थ कोणता. म्हणून आम्ही गाईड बाजूला ठेवलं आणि शब्द फोडायला घेतले.

पाण्यापासूनच सुरुवात केली. जल, नीर, अंबू, वारी हे चार शब्द पाण्याचे. (वारी म्हटलं की आमच्या जिल्ह्यात पंढरपूरच डोळ्यांपुढे येतं, पण ही वारी निराळी, संस्कृतातली.) आता यांच्या शेवटी ‘ज’ लावा. ज म्हणजे जन्मलेलं. जलज, नीरज, अंबुज, वारिज, चारही कमळं. ‘द’ लावा, द म्हणजे देणारा. जलद, नीरद, अंबुद, वारिद, चारही ढग. ‘धी’ लावा, म्हणजे धरून ठेवणारा. जलधी, नीरधी, अंबुधी, वारिधी, चारही समुद्र. सात तुकड्यांत बारा शब्द झाले आणि पाठ काहीच करावं लागलं नाही. भाचीने कागदावर चौकट आखून ते भरले आणि पाचवी ओळ स्वतः सुचवली. पयोद आणि पयोधी तिने कुठेतरी वाचले होते, त्यावरून ‘पय’ म्हणजेही पाणी असणार हे तिने ओळखलं. ‘पय’चा दुसरा अर्थ दूध, तेवढं मी सांगितलं.

मग आम्ही गावातली नावं गोळा केली. मला या सगळ्या तयारीत सर्वांत आवडलेला भाग हा. समानार्थी शब्द गाईडमध्ये जेवढे आहेत त्याहून जास्त आमच्या आळीत राहतात. पंकज म्हणजे चिखलात जन्मलेलं, सरोज म्हणजे तळ्यात जन्मलेलं, दोन्ही कमळं. दिनकर दिवस करणारा, प्रभाकर प्रकाश करणारा, भास्करही तेच, तिघे सूर्य. सुधाकर चंद्र. रत्नाकर रत्नांची खाण, म्हणजे समुद्र. अनिल, समीर, पवन हे वारा. वसुधा, अवनी या पृथ्वी. शैलजा आणि गिरिजा दोघी पर्वताच्या लेकी, कारण शैल आणि गिरी म्हणजे पर्वत. अनुज नंतर जन्मलेला, म्हणून धाकटा भाऊ, आणि अग्रज थोरला. आता रस्त्याने कोणी भेटलं की भाची त्याचं नाव फोडते. एका आजोबांना तिने विचारलं, "आबा, तुमच्या नावाचा अर्थ समुद्र होतो, माहितंय का?" आबा इतके खूश झाले की त्यांनी तिला घरी नेऊन शेंगा दिल्या.

याच पद्धतीने ‘ग’ शिकवला, जाणारा. खग आकाशात जातो, पक्षी. उरग उरावर, म्हणजे छातीवर सरपटतो, साप. तुरग वेगाने जातो, घोडा. नग जातच नाही, पर्वत. ‘प’ मात्र दोन तऱ्हेचा आहे. भूप, नृप, गोप यांत सांभाळणारा, आणि पादप, मधुप यांत पिणारा. पायांनी पाणी पिणारं ते झाड, मध पिणारा तो भुंगा. पादप समजला तेव्हा भाची उठून दारातल्या लिंबाच्या मुळ्या बघून आली.

ही युक्ती सगळीकडे लागत नाही, हे पोरांना आधीच सांगायला हवं. गज आणि ध्वज यांच्या शेवटी ज असला तरी तिथे कोणी कशात जन्मलेलं नाही. आणि काही जोड्या तर लिहूनच पक्क्या कराव्या लागतात. अनिल वारा, पण अनल विस्तव. दिन दिवस, पण दीन गरीब. पाणी म्हणजे जल, पण पाणिग्रहणातलं पाणि म्हणजे हात. सुत मुलगा, पण सूत सारथी. पर्याय काढणारा माणूस नेमकी अशीच जोडी शेजारीशेजारी ठेवतो.

दुसरी गोष्ट आम्ही रोज करतो ती घरच्या बोलीची. नवोदय ही योजना 1986 च्या शैक्षणिक धोरणातून आली, तिच्या पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीत निघाली आणि किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. परीक्षा मराठीतून देता येते. मग गावच्या पोराने आपली बोली घरी ठेवून का जायचं? भाची बोलते, "आवंदा ज्वारी लई आली." मी म्हणतो, हेच पुस्तकात कसं लिहिशील? ती लिहिते, "यंदा ज्वारीचं पीक विपुल आलं." मग विपुलच्या जागी भरघोस, मुबलक बसवून बघते. बिगीबिगीचं लवकर, त्वरित, सत्वर होतं. इस्तूचा विस्तव, मग अग्नी. कधी बोली आडवीही येते. आमच्याकडे ‘कालवा करू नका’ म्हणजे गोंगाट करू नका. उताऱ्यातला कालवा शेताला पाणी देतो. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कोणता कुठे हे वाक्य सांगतं.

वाक्यच सांगतं, यावर माझा सगळा भर आहे. "घंटेचा नाद घुमला" यात आवाज, "त्याला पतंगाचा नाद लागला" यात छंद. आजीची नातवावरची माया वेगळी आणि सावकाराने जमवलेली माया वेगळी. म्हणून भाचीला एकच सवय लावली आहे. पर्याय वाचायचा, उचलायचा, वाक्यात ठेवायचा आणि वाक्य मनात पुन्हा म्हणायचं. लिंग बदललं तर घाबरायचं नाही. ‘वाट चुकली’ मध्ये मार्ग ठेवला की ‘मार्ग चुकला’ होईल. क्रियापद दुरुस्त करून घ्यायचं, पर्याय टाकून द्यायचा नाही. दोन पर्याय बसतायत असं वाटलं तर चांगलं-वाईट बघायचं. विख्यात आणि कुख्यात दोघांनाही सगळे ओळखतात, पण कीर्तनकाराला कुख्यात म्हणून चालणार नाही. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे विचार करून जे जवळचं वाटेल ते गोल काळं करायचंच, रिकामं सोडायचं नाही.

उतारे मीच लिहितो, आमच्याच शिवारातले. परवाचा असा होता :

"मृगाच्या सरी कोसळल्या आणि शिवार तरारलं. म्हातारबाबांनी बांधावर उभं राहून पाहिलं. त्यांच्या मुखावर तृप्ती होती. दुपारी आकाशातले जलद पांगले आणि लख्ख ऊन पडलं."

प्रश्न : उताऱ्यातील ‘जलद’ या शब्दाचा समानार्थी शब्द कोणता? (अ) वेगवान (ब) ढग (क) पक्षी (ड) समुद्र

तिच्याबरोबर हल्ली शेजारची दोन पोरंही बसतात. त्यातल्या एकाने लगेच वेगवानवर बोट ठेवलं. जलद गाडी, जलद काम, हेच कानावर असतं. भाची म्हणाली, "अरे, ‘आकाशातले वेगवान पांगले’ असं म्हणून बघ. कोण वेगवान?" त्याने म्हणून पाहिलं आणि बोट मागे घेतलं. मग पक्षीही ठेवून पाहिला. तो वाक्यात बसला. आकाशात पक्षी असतात आणि ते पांगतातही. तेव्हा ती म्हणाली, "पण पक्षी पांगले म्हणून ऊन कसं पडेल?"

असे उतारे मी आता जपून ठेवतोय. आसपासच्या गावांतल्या कुणाला हवे असतील तर केंद्रात या, प्रिंटचे पैसे घेणार नाही.