गारपिटीनंतरची बैठक

नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातील एका तालुक्यात मी नायब तहसीलदार असताना मार्चअखेरच्या गारपिटीने काढणीला आलेल्या बागा झोडपून काढल्या. मणी फुटलेले घड वेलीवर राहिले की कूज पसरते आणि एप्रिलची खरड छाटणीही लांबते, म्हणून शेतकऱ्याला ते तातडीने उतरवायचे असतात. परंतु घड उतरवले तर पंचनाम्यात नुकसान दाखवायचे कशावरून, या धास्तीने तो बागेला हात लावत नाही. त्यामुळे अशा वेळी पंचनामा दोन दिवस रखडणे म्हणजे नुकसानीत शासनाने स्वतःच्या हाताने भर घालणे होय.

पंचनामा संयुक्त असतो. तलाठी महसूल खात्याचा, कृषी सहायक कृषी खात्याचा आणि ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा. (पदनामे आता बदलली आहेत, पण गावात आजही हीच नावे चालतात.) तिघांचे वरिष्ठ वेगळे, रजा मंजूर करणारे वेगळे आणि गोपनीय अहवाल लिहिणारेही वेगळे. मदत वेळेत वाटली गेली नाही तर जाब तहसीलदारांना विचारला जातो, मात्र त्या तिघांपैकी दोघांवर त्यांचा थेट अंमल नसतो.

त्या दिवशी सकाळी बोलावलेल्या बैठकीत तिन्ही खात्यांची माणसे सभागृहाच्या तीन कोपऱ्यांत बसली होती. नुकसानीची टक्केवारी आम्ही ठरवू, पण याद्या संगणकावर भरणे आमचे काम नव्हे, असे कृषी सहायकांनी सांगितले. एकेका तलाठ्याकडे अतिरिक्त सज्जे (तलाठ्याच्या अखत्यारीतील गावांचे गट) असल्याने त्यांनीही हात वर केले, तर ग्रामसेवकांनी मार्चअखेरच्या करवसुलीचे कारण पुढे केले. आमच्या आस्थापना शाखेने नोटिसांचा मसुदा आधीच तयार ठेवला होता. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 च्या कलम 56 नुसार कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो, आणि या कलमाचा उल्लेख करून नोटिसा काढणे हा आमच्याकडचा रुळलेला उपाय आहे. तहसीलदार मॅडमनी मसुदा वाचला आणि सही न करता बाजूला ठेवला.

त्यांनी एका ज्येष्ठ तलाठ्याला विचारले, "भाऊसाहेब, यादी भरायला किती वेळ लागतो हे सांगू नका. यादी भरताना भीती कशाची वाटते, ते सांगा."

सभागृहात थोडी चुळबुळ झाली आणि मग खरी कारणे बाहेर येऊ लागली. जमिनीच्या सामायिक खात्यावर चार भावांची नावे आहेत आणि एक भाऊ संमतिपत्र देत नाही, तर पैसे कोणाच्या बँक खात्यावर टाकायचे? बाग डोळ्यांसमोर उभी आहे, पण ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पीक नोंदणीत, तिची नोंद नाही, तर तिला पात्र धरायचे का? नुकसान मदतीसाठी लागणाऱ्या 33 टक्क्यांच्या उंबरठ्यावर आहे, एक जण तीस म्हणतो आणि दुसरा पस्तीस, तेव्हा काय लिहायचे? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-23 पासूनच्या निकषांत बहुवार्षिक पिकांना हेक्टरी 22,500 रुपये आणि कमाल दोन हेक्टरांची मर्यादा होती. म्हणजे एका खातेदारामागे पंचेचाळीस हजारांपर्यंतचा प्रश्न. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर वसुली सही करणाऱ्याकडून होईल, अशी प्रत्येकाची खात्री होती. शंका विचारली की वरिष्ठ "नियमानुसार कार्यवाही करावी" एवढाच शेरा मारतात, आणि नियम कोणता हे त्या शेऱ्यात कधीच नसते. संगणकाचे काम कोणाचे, हा वाद माझ्या मते निमित्तमात्र होता.

मॅडमनी तालुका कृषी अधिकारी आणि गटविकास अधिकारी यांना तिथल्या तिथे आपल्या टेबलाशी बसवून घेतले आणि पंचनामे संपेपर्यंत रोज संध्याकाळी तिघांनी एकत्र बसायचे असे ठरवले. क्षेत्र आणि खातेदार तलाठ्याने, टक्केवारी कृषी सहायकाने आणि बँक खाते व आधार ग्रामसेवकाने ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाकडून नोंदवायचे. शंकेची प्रकरणे मात्र यादीत घुसवायची नाहीत आणि अडवूनही ठेवायची नाहीत. ती वेगळ्या नोंदवहीत लिहून त्याच संध्याकाळी टेबलावर आणायची, आणि त्यांवर कारणांसह लेखी आदेश तहसीलदारांच्या सहीने होईल. शेतकऱ्यांनी बागेतील फोटो काढून घड उतरवावेत, पंचनाम्याला ते फोटो चालतील, अशी दवंडीही दुपारपर्यंत गावोगावी गेली.

याची किंमत इतरांनी मोजली, हेही नमूद केले पाहिजे. त्या दिवशी फेरफाराच्या तक्रारींवर सुनावणी होती. लांबच्या गावांतून एस.टी.ने आलेल्या पक्षकारांना पुढची तारीख देऊन परत पाठवण्याचे अप्रिय काम माझ्याकडे आले, आणि त्यांचा संताप रास्त होता. शिवाय नोटिसा अजिबात निघाल्या नाहीत, असेही नाही. बैठकीला न येता फोन बंद ठेवणाऱ्या एका कर्मचाऱ्याला मॅडमनी संध्याकाळी कारणे दाखवा नोटीस दिली. समजूतदारपणाच्या नावाखाली त्यालाही सोडून दिले असते, तर पहाटेपासून बांधावर उभ्या राहिलेल्यांचा तो अपमान झाला असता.

पहिल्या संध्याकाळी नोंदवही भरून आली. दुसऱ्या आठवड्यात तिच्यात तुरळक प्रकरणे उरली, कारण सामायिक खात्यांबाबतचा एक लेखी आदेश झाला की तशाच प्रकारच्या पुढच्या प्रकरणांत कर्मचारी स्वतःच निर्णय घेऊ लागले.

पुढच्या अवकाळीपर्यंत मॅडमची बदली झाली होती. नव्या तहसीलदारांनी पहिल्याच सकाळी कलम 56 च्या नोटिसा काढायला सांगितल्या, तेव्हा मसुद्याबरोबर मी ती नोंदवहीही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती बराच वेळ चाळली आणि विचारले, "यातल्या एखाद्या आदेशावर पुढे लेखापरीक्षणात आक्षेप आला का?" दोन आदेशांवर आला होता, आणि दोन्हींचा खुलासा मॅडमनी बदलीच्या ठिकाणाहून स्वतःच्या सहीने पाठवला होता. नव्या तहसीलदारांनी नोटिसा थांबवल्या नाहीत. बैठक मात्र दुपारी तीन वाजता लावली आणि कृषी व पंचायत समितीच्या अधिकाऱ्यांना फोन जोडायला सांगितले.