विहिरीकाठचे हिरवट लाकूड

मोहोळ तालुक्यातील आमच्या शेतातल्या विहिरीचे पाणी घरात तीन पिढ्यांपासून प्यायले जाते. दोन वर्षांपूर्वी तिच्या काठालगत गोठा बांधताना आम्ही सोलापुरातून जुन्या लाकडाचे हिरवट झाक असलेले खांब आणले. त्यांना वाळवी लागत नाही, असे विकणाऱ्याने सांगितले होते. ती का लागत नाही, हे मी तेव्हाच विचारायला हवे होते.

तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण लाकडात मुरवण्याची ही पद्धत डॉ. सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत शोधली. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक वाळवीला, आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडाच्या तंतूंत बांधून ठेवते. मात्र ही बांधणी पूर्ण नसल्यामुळे पावसात थोडा अंश धुऊन निघतो, आणि लाकूड कापल्यावर पडणाऱ्या भुशातून तर तो फार लवकर सुटतो. आमच्या सुतारमामांनी खांब विहिरीच्या कडेलाच कापले आणि तो भुसा आम्ही गुरांखाली पसरला, हे मला आजही बोचते. काळ्या मातीच्या जाड थराने काही विष धरून ठेवले असते. पण तिथे मुरूम उघडा आहे, आणि खालच्या काळ्या पाषाणाच्या फटींतून पावसाचे पाणी फारसे न गाळले जाता विहिरीत उतरते.

आर्सेनिकला रंग, वास किंवा चव नसते. नेहमीच्या तपासणीत त्याचा शोध घेतला जाईलच असे नाही, म्हणून पाण्याचा नमुना देताना मी तिन्ही धातूंची नावे लिहून दिली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे; आमच्या पाण्यात ते त्याहून जास्त निघाले, आणि तांबे व क्रोमियमही सोबत वाढलेले असल्याने संशय खांबांवर गेला. आई इतके दिवस पाणी उकळून देत होती. उकळल्याने जंतू मरतात, पण पाण्याची वाफ होऊन आर्सेनिक भांड्यातच उरते, हे तिला सांगणे मला जड गेले.

खांब आता काढले आहेत. उरलेले तुकडे बंबात घालण्यासाठी शेजारच्या काकूंनी मागितले, तेव्हा मी त्यांना नकार दिला, कारण असे लाकूड जाळल्यास आर्सेनिक धुरात आणि राखेत येते, आणि बंबाची राख आमच्याकडे भांडी घासायला वापरतात. सध्या ते सारे विहिरीपासून दूर, सिमेंटच्या कोब्यावर ताडपत्रीखाली ठेवले आहे. पिण्याचे पाणी गावातल्या नळाचे आणतो, आणि पावसाळा संपताच विहिरीचा दुसरा नमुना देणार आहे.