जालन्यातल्या ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) जुनी रजिस्टरं: आधी वही कुणाची ते विचारा

छत्रपती संभाजीनगरहून जालना साठेक किलोमीटर. जाण्यायेण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खरा वैताग जालन्यात उतरल्यावर सुरू होतो. 'ख्रिस्ती पूर्वजांची नोंद शोधायची आहे' म्हटलं की जो तो छावणीकडे बोट दाखवतो. आम्हालाही तिकडेच धाडलं आणि सकाळ वाया गेली.

छावणीची वही म्हणजे पलटणीची वही. ही छावणी मद्रास लष्कराची होती, त्यामुळे तिथले बाप्तिस्मे, विवाह आणि दफनं यांच्या नकला मद्रासला आणि तिथून लंडनला जायच्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/2 या मालिकेत आहेत. त्यांत मुख्यतः गोरे सोल्जर आणि त्यांची बायकापोरं. अंबड-भोकरदनकडच्या मराठी घराण्याने तिथे वेळ घालवू नये. पूर्वज पलटणीत असेल तरच फिबिस या ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा माग काढणाऱ्या संस्थेची सूची घरबसल्या, फुकटात पाहा. गावाचं स्पेलिंग जे-ए-यू-एल असं सुरू होतं, आजच्या स्पेलिंगने फारसं काही हाती लागणार नाही.

आपल्याला हवी ती मिशनची वही. नारायण शेषाद्री 1860 च्या दशकात फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडतर्फे जालन्यात आले, हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवलं. औरंगाबादेत काम होतं चर्च मिशनरी सोसायटीचं. तेव्हा पहिला प्रश्न 'घराणं कोणत्या मिशनचं' हा. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यावर जुन्या मंडळ्या एकत्र आल्या, वह्याही इकडच्या तिकडे गेल्या. म्हणून निघण्यापूर्वी पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) पत्र टाका: पूर्वजाचं नाव, गाव, अंदाजे साल, तुमचं नातं. 'रजिस्टर तुमच्या ताब्यात आहे का, आणि कोणत्या सालापासून' हे लेखी विचारा. फोनवरच्या 'या, बघू'वर विसंबून जाऊ नका. रविवारी तर मुळीच नको.

एका मध्यस्थाने एका उताऱ्याचे 2,000 रुपये मागितले, पावती नाही. सरळ नाही म्हणा. पैसे द्यायचे ते मंडळीच्या पावतीवरच. कोर्टकचेरीसाठी सही-शिक्क्याचा उतारा लागतो, वंशावळीला फोटो पुरतो.

वाचताना उलटं जा. आधी विवाह: त्यात वय, बापाचं नाव, राहण्याचं गाव आणि साक्षीदार मिळतात. वय अंदाजे सांगितलेलं असतं, म्हणून बाप्तिस्म्याच्या वहीत दोन्हीकडे पाच-पाच वर्षं पाहा. साक्षीदारांची नावं न चुकता उतरवा, ते बहुधा मामा-काका निघतात. मोठेपणी बाप्तिस्मा घेतलेल्याचं नवं नाव याकोब किंवा शांतवन, आणि आई-बापाचा रकाना कोरा, असं असलं की माग तुटतो. तेव्हा प्रभुभोजनाच्या (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) सभासदांची यादी मागा. दुसऱ्या मंडळीतून आलेल्याचं मूळ गाव तिथे लागण्याची शक्यता असते. दुष्काळाची 1876 ते 1878 आणि 1899-1900 ही सालं आधी चाळा. एकच नाव दोन भावंडांना दिसलं तर गोंधळू नका, दफनाची वही पाहा: पहिलं मूल गेल्यावर तेच नाव पुन्हा ठेवत.

गावांची नावं ऐकून लिहिलेली आहेत, म्हणून मोठ्याने वाचा: 'गनसावंगी' म्हणजे घनसावंगी. जालना जिल्हा 1981 मध्ये झाला, त्याआधीच्या नोंदीत बहुतेक गावांचा जिल्हा औरंगाबाद, परतूरकडच्यांचा परभणी.

सगळ्यात वाईट म्हणजे शाई. जुनी लोहाची शाई तपकिरी पडते, कागदच खाते आणि अक्षराच्या जागी भोक उरतं. पान वरच्या कोपऱ्यातून उचला, बोटाला थुंकी लावून उलटू नका. वहीच्या मणक्याच्या (शिवणीच्या कडेच्या) दोन्ही बाजूंना खाली दुमडलेला टॉवेल ठेवा, वही सपाट दाबू नका. हात धुऊन पुरते कोरडे करा. हातमोजे नकोत, त्यांनी पान फाटतं. नोंदी पेन्सिलीने उतरवा. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद: आधी मुखपृष्ठ, मग पानाच्या क्रमांकासकट अख्खं पान, मग एकेक नोंद. क्रमांक नसलेला फोटो घरी गेल्यावर निरुपयोगी. फिकट ओळ घरी कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट वाढवली की बरीच वाचता येते. सेलोटेप लावलेली पानं दिसली तर पाळकांना तेवढं सांगा, टेप ओढून काढू नका.

बेथेलचा दिवस सुखाचा गेला.

जायचं तर दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात दमट पानं एकमेकांना चिकटतात, उलटताना शाईचा पापुद्रा शेजारच्या पानावर जातो आणि नोंद दोन्हीकडून जाते.