डॉ. हैदर अब्देल शफी : आपल्याच सत्तेकडे हिशेब मागणारा नेता

पॅलेस्टाईनविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफत असतात, हमास ही सशस्त्र इस्लामवादी संघटना असते, आणि या दोघांपलीकडे त्या समाजात राजकीय विचार करणारे कोणी नव्हतेच, असा समज वाचकाच्या मनात नकळत रुजतो. गाझाचे डॉ. हैदर अब्देल शफी यांच्याविषयी मला लिहावेसे वाटते, ते यासाठीच. परक्या सत्तेला आणि स्वतःच्या नेतृत्वाला त्यांनी आयुष्यभर एकाच मापाने मोजले.

त्यांचा जन्म १९१९ साली गाझामध्ये झाला. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातून ते १९४३ मध्ये डॉक्टर झाले, पुढे अमेरिकेतील ओहायो राज्यात त्यांनी शल्यचिकित्सेचे शिक्षण घेतले आणि ते पुन्हा गाझालाच परतले. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना आणि युद्ध झाल्यानंतर त्या चिंचोळ्या पट्टीत निर्वासितांचे लोंढे येऊन थडकले होते, त्यामुळे तेथील डॉक्टरला राजकारणापासून दूर राहणे तसेही शक्य नव्हते. १९६४ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या कार्यकारिणीत ते होते. १९६७ च्या युद्धानंतर गाझा इस्रायलच्या ताब्यात गेली, आणि इस्रायली प्रशासनाने त्यांना आधी अटक केली व नंतर काही काळ सिनाईच्या वाळवंटात हद्दपार केले. परत आल्यावर १९७२ मध्ये त्यांनी गाझामध्ये रेड क्रेसेंट ही (रेड क्रॉससारखी) वैद्यकीय मदत संस्था उभी केली. १९८० मध्ये तिच्या कार्यालयाला इस्लामवाद्यांच्या जमावाने आग लावली, म्हणजे घरातला विरोधही त्यांना तेव्हापासूनच ठाऊक होता.

जगाला त्यांचे नाव कळले ते ऑक्टोबर १९९१ मध्ये, माद्रिदच्या शांतता परिषदेत. मुक्ती संघटनेशी बोलण्यास इस्रायलची तयारी नसल्यामुळे जॉर्डन आणि पॅलेस्टाईन यांचे संयुक्त शिष्टमंडळ करण्यात आले आणि त्यातील पॅलेस्टिनी गटाचे नेतृत्व बहात्तर वर्षांच्या या डॉक्टरांकडे आले. माद्रिदच्या भाषणात आणि त्यानंतर वॉशिंग्टनमध्ये रेंगाळत राहिलेल्या वाटाघाटींत त्यांचा आग्रह एकच होता : १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या व्याप्त प्रदेशात ज्यू वसाहतींचे बांधकाम चालू असेल, तर ज्या जमिनीविषयी बोलणी करायची ती जमीनच बोलणी संपेपर्यंत शिल्लक राहणार नाही. एकीकडे वॉशिंग्टनमध्ये हे चालले असताना अराफत यांनी नॉर्वेतील ऑस्लोमार्गे गुप्तपणे इस्रायलशी वेगळाच करार केला. वसाहती थांबवण्याचे बंधन त्या करारात नव्हते, म्हणून अब्देल शफी यांनी त्याला उघड विरोध केला आणि १३ सप्टेंबर १९९३ च्या स्वाक्षरी समारंभाला जाण्याचे नाकारले. सारे जग टाळ्या वाजवत असताना, स्वतः वाटाघाटींत खपलेल्या माणसाने असे बाजूला राहणे सोपे नव्हते. पुढच्या काळात वसाहती ज्या वेगाने वाढल्या तो पाहता, त्यांचे भय अचूक होते असे माझे स्पष्ट मत आहे.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा भाग. ऑस्लो करार मान्य नसतानाही, त्यातूनच निर्माण झालेल्या ८८ सदस्यांच्या विधान परिषदेची निवडणूक त्यांनी जानेवारी १९९६ मध्ये लढवली आणि गाझा शहरातून ते प्रचंड मतांनी निवडून आले. यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. मला ती दिसत नाही, कारण लोकांनी निवडलेली सभा हे नेतृत्वाला जाब विचारण्याचे एकमेव सनदशीर साधन त्यांच्या समाजाला प्रथमच मिळाले होते. परिषदेने मूलभूत कायदा, म्हणजे एक प्रकारची राज्यघटना, संमत केला, पण करारातून आलेल्या पॅलेस्टिनी स्वायत्त सत्तेचे अध्यक्ष झालेल्या अराफत यांनी त्यावर स्वाक्षरी केली ती थेट २००२ मध्ये. १९९७ मध्ये सरकारी लेखापरीक्षणातून सुमारे ३२ कोटी ६० लाख डॉलरचा गैरवापर आणि अपव्यय उघड झाला. परिषदेने मंत्रिमंडळ बरखास्त करण्याची मागणी केली, आणि वर्षभराने अराफत यांनी जे नवे मंत्रिमंडळ आणले ते आधीपेक्षा मोठे होते. ठराव करायचे आणि ते धूळ खात पडलेले पाहायचे, हे अब्देल शफी यांना मान्य नव्हते. निवडून आल्यानंतर सुमारे दोन वर्षांतच त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला.

सामूहिक नेतृत्व, शिस्तबद्ध संघटन आणि निवडणुका यांविषयी ते सतत बोलत राहिले. एका व्यक्तीच्या मर्जीवर चालणारी चळवळ व्यापाऱ्याच्या गल्ल्यासारखी होते, किल्ली ज्याच्या कमरेला तोच मालक, ही गोष्ट त्यांनी फार आधी ओळखली होती. २००२ मध्ये डॉक्टर व कार्यकर्ते मुस्तफा बरघूती, इब्राहिम दक्काक आणि विचारवंत एडवर्ड सईद यांच्यासह त्यांनी ‘पॅलेस्टिनी राष्ट्रीय पुढाकार’ ही चळवळ सुरू केली. अराफत यांचा पक्ष फतह आणि हमास या दोघांहून वेगळा, लोकशाहीवादी पर्याय उभा करण्याचा तो प्रयत्न होता. २००६ च्या निवडणुकीत या विचाराच्या यादीला दोनच जागा मिळाल्या. हे अपयश मोठे होते, आणि पक्षबांधणीत तो गट कमी पडला हेही मान्य करायला हवे.

२५ सप्टेंबर २००७ रोजी कर्करोगाने गाझामध्येच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये हमासने गाझाचा ताबा घेतला होता आणि पॅलेस्टिनींची दोन सरकारे झाली होती, गाझात हमासचे आणि पश्चिम किनाऱ्यावर फतहचे. ज्या विधान परिषदेतून ते बाहेर पडले, तिची २००६ नंतर निवडणूकच झाली नाही. २०१८ मध्ये ती विसर्जित करण्यात आली आणि २०२१ मध्ये जाहीर झालेले मतदान पुढे ढकलले गेले.