विरी गेलेलं पीठ

"मालक, थापतो तोवर कडंनं फाटायलंय की हे!"

भाकरीवाल्या मावशींनी हाक मारली तेव्हा सकाळचे सहा वाजले होते. (आमच्या बेळगावात बायकाही 'थापतो, जातो, येतो' असंच बोलतात. पुण्याचे पाहुणे हसतात, हसू देत.) वडगावातलं कार्यालय, साखरपुडा, अडीचशे पानं, साडेबाराला पहिली पंगत. जाऊन बघतो तर परातीशेजारी मोडक्या भाकऱ्यांची रास आणि चार बायका हात झटकून बसलेल्या.

मुलगी शहापूरची, मराठी. मुलगा बैलहोंगलचा, कानडी. त्याच्या काकांनी आधीच बजावलं होतं, "जेवण आमच्याकडचं पाहिजे, जोळद रोट्टी ऊटा." म्हणजे ज्वारीच्या भाकरीचं जेवण. मी हो म्हटलं. बावीस वर्षं केटरिंग करतोय, त्यात काय एवढं?

यादी करतानाच पहिला घोळ झाला होता. त्यांनी 'कोसंबरी' म्हटलं आणि मी 'कोशिंबीर' लिहून घेतलं. आमची दह्यातली, कांदा-काकडीची. त्यांची म्हणजे भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरं, वरून लिंबू. पोऱ्यानं विचारलं म्हणून वेळीच कळलं. बाकी पदार्थांत फरक फक्त नावाचा. त्यांची एण्णगाई म्हणजे आपली भरली वांगी, पण शेंगदाणे, तीळ, कारळे, सुकं खोबरं, चिंच-गूळ आणि हात न आखडता तेल. बोटाएवढी कोवळी वांगी देठासकट चिरायची, मसाला दाबून भरायचा आणि मंद आचेवर तेल वर येईपर्यंत हलवायची नाहीत. वांगं गळलं की संपलं. शेंगदाण्याची, जवसाची आणि कारळ्याची अशा तीन कोरड्या चटण्या. ताज्या लाल मिरचीचा लसूण घालून वाटलेला रंजका. मटकीची उसळ, झुणका, मेथीची कच्ची पानं, कांदापात, मुळा. भाकरीवर लोण्याचा गोळा. गोड म्हणून गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर. शिवाय मुलीकडच्यांचा हट्ट म्हणून मांडे. ते मात्र मी कधीच करत नाही. कोपरापर्यंत हातांवर झुलवून रुमालाएवढी पातळ झालेली पुरी पालथ्या कढईवर टाकायची, हे काम ज्याचं त्यानंच करावं. मांडेवाला आदल्या रात्रीच देऊन गेला होता.

म्हणजे सगळं तयार, फक्त भाकरी नव्हती.

चूक माझीच. माणशी दोन धरून पाचशे भाकऱ्या, किलोला दहा म्हणजे ५० किलो पीठ. मालदांडी शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी घेऊन दळून आणायचा सोडून मी स्वस्त मिळालं म्हणून तयार पीठ उचललं होतं. ते किती दिवसांचं होतं देव जाणे. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो, जो काही असतो तो ताज्या पिठात. पीठ शिळं झालं की विरी, म्हणजे हाच चिकटपणा, जाते आणि थापताना कड फाटते. पंधरा वर्षांचं पोरही हे सांगेल. पण मी मूळचा खानापूरकडचा. आमच्याकडे पाऊस आणि भात, भाकरी तांदळाची, तीही उकड काढून. बेळगावच्या पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळी जमीन लागते आणि ज्वारी सुरू होते. अंतर सुमारे ४५ किलोमीटर, पण ताट बदलतं. ज्वारी माझ्या हातातली नाही, हे कबूल करायला हरकत नाही.

गिरणी नऊशिवाय उघडणार नव्हती. मी कार्यालयाच्या मागच्या दारात उभा राहून चपात्या लाटून वेळ मारून न्यावी का, याचा हिशेब करत होतो. तेवढ्यात मुलाची अज्जी चहाच्या शोधात आत आली. इरकल साडी, डोक्यावर पदर. रास बघितली, चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, हुंगलं.

"हिट्ट हळेद ऐति, तम्मा." पीठ जुनं आहे.

मी मान खाली घातली. ती पाट ओढून बसलीच. "एसरु इड्री." एसरु म्हणजे आधण. मोठ्या पातेल्यात मीठ घालून पाणी उकळलं, त्यात पीठ सोडलं, लाटण्याच्या टोकानं मधे भोक पाडलं, झाकण ठेवलं. मी आमच्या तांदळाच्या पिठाला रोज हेच करतो, पण ज्वारीला करायचं डोक्यातच आलं नव्हतं. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, मग गोळा हाताला धरतो. फक्त गरम असतानाच मळावं लागतं. मावशी पाण्यात हात बुडवून बुडवून मळत होत्या, अज्जी मात्र कोरड्याच हातानं. सत्तरीच्या बाईचे तळवे कशाचे बनलेत, मला कळलं नाही.

पहिली भाकरी थापली. कड गोल, एक चीर नाही. मावशी एकमेकींकडे बघून हसल्या.

पण वेळ? तिनंच तोड काढली. अर्ध्या मऊ, अर्ध्या कडक. कडक भाकरी पातळ थापून, वर तीळ चिकटवून, मंद तव्यावर फडक्यानं दाबत वाळवायची. ती आधी करून रचून ठेवता येते, वाढताना गरम असायची गरज नाही. मऊ भाकऱ्या तेवढ्या पंगत बसताना तव्यावरून ताटात. मावशी तिच्याशी कानडीत आणि माझ्याशी मराठीत बोलत होत्या, मधून मधून उलटंही. साडेअकराला कडक भाकऱ्यांची चळत माझ्या छातीला लागली.

पैशांचं विचारलं तर रागावली. जाताना जवसाच्या चटणीचा डबा मात्र मागून घेतला.

पंगतीत ती कडेला बसली होती. मी स्वतः वाढायला गेलो. तिनं कडक भाकरी दोन बोटांनी मोडली, कानाजवळच, आवाज ऐकला. वांगं चेपून पाहिलं. लोणी, चटणी, सगळं सावकाश खाल्लं. मी ताकाचं भांडं घेऊन उभाच. वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली.

"मज्जिगि हुळि ऐति."

ताक आंबट आहे. आणि खरोखरच आंबट होतं.