रात्री ट्रेलवर (रानातल्या कच्च्या वाटेवर) सायकल चालवण्यासाठी दोन लाइट कसे निवडले, कसे बसवले

लाइटच्या खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा असतो. निवड करताना मी तो बाजूला ठेवला आणि बॅटरीपासून सुरुवात केली. १८६५० मापाचा (असल्या लाइटमध्ये असणारा लांबट गोल लिथियम सेल) चांगला सेल ३४०० एमएएच (साठवणीचं माप) आणि ३.६ व्होल्टचा, म्हणजे साधारण १२ वॅट-तासांचा. दोन सेलच्या पॅकमध्ये २४ वॅट-तास. आता खोक्यावर ‘२४०० ल्युमेन, ३ तास’ लिहिलं असेल, तर दिव्याला सरासरी ८ वॅटच मिळतात. एका वॅटमागे लेन्सबाहेर १०० ल्युमेन पडले तरी चांगलं समजायचं. म्हणजे झाले ८००. बाकीचे १६०० एकतर पहिल्या काही मिनिटांपुरते असतात किंवा नसतातच. आणि या मापाच्या सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं, तर तो सेल तिथेच ठेवून यावं.

हा हिशोब लावून मी हँडलबारसाठी १२०० ल्युमेनचा रुंद झोत घेतला आणि हेल्मेटसाठी ६००चा अरुंद. मोठा लाइट डोक्यावर का नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ट्रेलवर खोली कळते ती सावलीमुळे. हँडलबारचा दिवा डोळ्यांपेक्षा बराच खाली असतो, त्यामुळे दगडामागे, खड्ड्यात, पायरीखाली पडलेली सावली आपल्याला वरून दिसते. हेल्मेटचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो. त्याच्या उजेडात सावली दगडाच्या मागेच दडते आणि वीतभर उंचीची पायरी सपाट वाटते. डोक्यावरचा उजेड जास्त झाला तर तो खालच्या दिव्याने पाडलेल्या सावल्याही पुसून टाकतो. म्हणून हेल्मेटचा लाइट साधारण निम्म्या ताकदीचा. आपल्याकडचा काळा कातळ उजेड गिळतो आणि मुरमाची वाट एकाच रंगाची असते, तेव्हा सावली गेली की हातात काहीच उरत नाही. याच कारणासाठी उजेडाचा रंग ५००० केल्विनच्या आसपासचा निवडला (आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या उजेडात माती आणि दगड मला वेगळे काढता येत नाहीत.

तरी हेल्मेटचा लाइट लागतोच. घट्ट वळणावर हँडलबारचा झोत बाहेरच्या झुडपात जातो आणि चढाच्या माथ्यावर तो आभाळाकडे बघत असतो. तिथे नजर जाईल तिकडे जाणारा उजेडच कामाचा.

बसवताना आधी हँडलबारचं माप बघितलं. स्टेमजवळ, म्हणजे हँडलबार मधोमध जिथे पकडलेला असतो तिथे, ३१.८ किंवा ३५ मिलिमीटर असतं. क्लॅम्प मोठा असेल तर आत ट्यूबचा रबरी तुकडा घालायचा, नाहीतर खडकाळ उतारावर दिवा हळूहळू नाक खाली टाकतो. दिवा ब्रेकच्या होजच्या (नळीच्या) पुढे हवा. होज झोतात आली की पांढरी चमकते, डोळ्याची बाहुली आकसते आणि पुढची वाट आणखी काळी दिसते. रस्त्यासाठीचे, वरची कडा कापलेल्या झोताचे दिवे उलटे टांगू नयेत. कापलेली कडा खाली जाते आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत.

कोन लावायला सोसायटीच्या कंपाऊंडची भिंत पुरते. दिवा भिंतीपासून ५ मीटरवर आणि जमिनीपासून १ मीटर उंच असेल तर झोताचा मध्य भिंतीवर ५० सेंटिमीटरवर आणायचा. म्हणजे सपाटीवर तो १० मीटर पुढे टेकतो. हे करताना सायकलवर बसलेलं असलं पाहिजे आणि दुसऱ्याने खूण करायची. फुल सस्पेन्शनला (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेल्या सायकलला) आपण बसल्यावर मागचा शॉक पुढच्यापेक्षा जास्त बसतो आणि झोत वर उचलला जातो. रिकाम्या सायकलवर लावलेला कोन म्हणून चुकतो.

हेल्मेटचा कोन पेडलवर उभं राहून, कोपर वाकवून लावायचा. सरळ बसून लावला तर उतारावर तो थेट पुढच्या चाकाशी पडतो. मध्य १५ ते २० मीटरवर ठेवला. दिव्याचं वजन १५० ग्रॅमच्या आत हवं, नाहीतर हेल्मेट कपाळावर घसरतं. बॅटरी वेगळी असेल तर वायर पाठीमागून बॅगेत. पट्टी वेल्क्रोची घ्यावी, म्हणजे फांदी अडकली तर दिवा सुटतो, मान खेचली जात नाही. हेल्मेटच्या पुढच्या छज्जावर, म्हणजे व्हायझरवर उजेड पडत असेल तर व्हायझर काढून ठेवावा.

घरी पंख्याशिवाय चाचणी घेतली तर दिवा तापून आपोआप मंद होतो. चढावर वारा नसताना, मे महिन्याच्या उकाड्यात हेच होतं. म्हणून चढताना फक्त हँडलबारचा, ३०० ल्युमेनवर. पूर्ण ताकद उतारासाठी राखायची. उन्हाळ्यात पुढच्या सायकलची धूळ उडत असेल किंवा पावसाळ्यात धुकं असेल, तर हेल्मेटचा लाइट बंद. त्याचा उजेड कणांवर आपटून सरळ डोळ्यांत परततो.

मागचा लाल दिवा सीटपोस्टवर लावू नका, ड्रॉपर (बटणाने सीट खाली-वर करणारा सीटपोस्ट) असेल तर सीट खाली येताच टायर त्यावर घासतो. सॅडलच्या रेल्सना किंवा बॅगेला लावावा. ट्रेलवर मंद आणि स्थिर, घोडबंदर रोडसारख्या रस्त्यावर पूर्ण. रस्त्याला लागताच हेल्मेटचा लाइट बंद करायचा, समोरच्या ड्रायव्हरचे डोळे दिपतात.

जागेबद्दल एवढंच, की बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, येऊर आणि आरे ही बिबट्यांची रानं आहेत, रात्री तिथे सायकल न्यायची नाही. कर्जत–पनवेल बाजूच्या उघड्या टेकड्यांवर, आधी गावात विचारून, निदान तिघांनी जावं. खिशात एक छोटा तिसरा दिवा असू द्या. संरक्षण सर्किट (सेल फार रिकामा होण्याआधी वीज तोडणारं) असलेला पॅक संपताना कधी कधी मंद होत नाही, एकदम काळोख करतो.

मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत चार्जिंगचा पोर्ट सगळ्यात आधी जातो. पाण्यापासून बचावाच्या दर्जात आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे. पावसाळ्यासाठी आयपीएक्स ६ तरी बघा. घरी आल्यावर रबरी झाकण उघडून दिवा रात्रभर पंख्याखाली ठेवायचा आणि सकाळी चार्जिंगला लावायचा. ओल्या पोर्टमध्ये वीज सोडली की पिना हिरव्या पडतात. पडल्याच तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, आणि ओ-रिंगला (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीसचा बारीक हात.